कडू अंगारा

मार्च लागला की माझं बूड एका जागी टेकत नाही. पंच्याऐंशी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी हे काही सुटलं नाही. सकाळच्या उन्हाला ती पांढुरकी धार येते, दुपारी कोरडा वारा पडद्यांशी झोंबू लागतो, खालच्या मजल्यावरून कुणाच्या तरी पाठांतराचा सूर वर येतो, आणि मी ठाण्यातल्या, वर्तकनगरच्या या घरात स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर अशा येरझारा घालू लागते. सून म्हणते, "आई, परीक्षा मुक्ताची आहे, तुमची नाही." मुक्ता माझी नात. यंदा दहावीला.

परवा भूमितीचा पेपर देऊन आली आणि डोकं हलकं करायला म्हणून तिनं टीव्हीवर एक सिनेमा लावला. गावोगाव फिरून रोग बरे करणारा लबाड बाबा, त्याच्या पायांवर लोळण घेणारी माणसं, शेवटी बाबाच्या हातात बेड्या. मुक्ता खिदळत होती. "आजी, लोक इतके मूर्ख कसे गं असतात?"

मी उठून गॅलरीत गेले. सिनेमातला बाबा पाहताक्षणी लबाड वाटत होता. आमच्याकडे आलेला तसा नव्हता. त्याला बेड्याही पडल्या नाहीत. आणि त्याचं जे काही आमच्या डोंबिवलीत चाललं त्यातलं बरंचसं माझ्यामुळे चाललं, हे खिदळणाऱ्या नातीला कसं सांगायचं?

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. आमची चाळ पूर्वेला, मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. चार बिऱ्हाडं, एक विहीर, मागच्या अंगाला भातखाचरं. मार्चमध्ये त्या खाचरांत नुसते खुंट उरायचे, जमिनीला भेगा पडायच्या, आणि वारा सुटला की बारीक पिवळी धूळ थेट पुस्तकाच्या पानांत येऊन बसायची. माझं मॅट्रिकचं वर्ष. बसून वाचलं की डोळे मिटायचे, म्हणून मी खाचरांच्या बांधावरून चालत प्रमेयं पाठ करायची. अजूनही समद्विभुज त्रिकोण म्हटलं की मला आंब्याच्या मोहराचा वास येतो.

घरात आम्ही चौघं. अण्णा मुंबईत एका कचेरीत कारकून होते. सकाळी जायचे, दिवेलागणीला यायचे, आणि मधल्या वेळेत जे साठलं असेल ते न बोलता गिळायचे. आई बोलकी, तरतरीत, हाताला चव असलेली. आणि ताई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी.

ताईला फिट यायची. अकराव्या वर्षापासून. घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे. "सुधाला जरा बरं वाटत नाहीये," एवढंच म्हणायचं आणि दार लोटून घ्यायचं. कल्याणच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी बारक्या पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या तेव्हापासून महिन्यातून दोनदा येणारी फिट चार-पाच महिन्यांतून एकदा येऊ लागली. मला ते केवढं तरी वाटायचं. आईला नाही. "गोळी आहे म्हणजे आजार आहेच ना," ती म्हणायची. ताईची दोन स्थळं मोडली होती. दोन्ही वेळा कुणीतरी जाऊन सांगितलं होतं.

अशात तो आला. आधी म्हणे महिनाभर खडवलीला नदीकाठी होता, तिथून बैलगाडीनं आमच्याकडे. चाळीपासून हाकेच्या अंतरावर एका मोकळ्या खाचरात मांडव पडला. "मी वाटसरू, आज इथं, उद्या तिथं," असं तो म्हणायचा, म्हणून लोक त्याला वाटसरू महाराज म्हणू लागले. पन्नाशीचा, सडपातळ, धुतलेल्या पंचातला, मऊ आवाजाचा माणूस. रोज संध्याकाळी सभा. आधी पेटीवर भजन, मग तो समोरच्या गर्दीत नजर टाकून कुणाला तरी नावानं हाक मारायचा. नुसतं नाव नाही, दुखणंसुद्धा सांगायचा. "जोशीबुवा, पोटातली आग कमी झाली का?" ज्याला कधी पाहिलं नाही असा माणूस आपल्या पोटातली आग ओळखतो म्हटल्यावर जोशीबुवांचे हात आपोआप जोडले जायचे. मग अंगाऱ्याची पुडी. रोज एक चिमूट पाण्यातून.

अट एकच. औषधं बंद. "औषध म्हणजे अविश्वास," तो म्हणायचा. ज्याचं दुखणं त्यानं आपली औषधाची बाटली मांडवामागच्या पिंपळाखाली ठेवून यायची. तिथे बाटल्यांचा ढीग लागला होता. दुपारच्या उन्हात तो ढीग असा चमकायचा की माझ्या पाठांतरातला शब्द तुटायचा.

आई तिसऱ्याच दिवशी ताईला घेऊन गेली. परत आली ती अंगाऱ्याची पुडी छातीशी धरून. मला म्हणाली, "शाले, उद्या सकाळी गोळ्यांची बाटली पिंपळाखाली ठेवून ये. सुधाच्या हातानं नको. मोह होईल."

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्या सकाळी मी विहिरीमागे बसून बाटली रिकामी केली. गोळ्या माझ्या कंपासपेटीत गेल्या, बाटलीत खडूचे तुकडे. बाटली पिंपळाखाली ठेवली आणि मागे न पाहता पळाले. त्या संध्याकाळपासून ताईला अंगाऱ्याचं पाणी करून द्यायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. आईला कौतुक वाटलं. वाटीत अंगारा, त्यात दोन चमच्यांमध्ये चिरडलेली गोळी, वर तांब्यातलं पाणी. ताईनं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू आहे गं."

"अंगारा कडूच असायचा," आई म्हणाली. "गोड लागायला तो काय प्रसाद आहे?"

मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! ताई सुरक्षित, आई समाधानी, कुणाचं काही बिघडलं नाही. सोळाव्या वर्षी इतकंच दिसतं. परीक्षेच्या काळात मी कल्याणच्या केंद्रावर पेपर लिहायला जायची तेव्हासुद्धा संध्याकाळच्या गोळीचा हिशोब डोक्यात चालू असायचा. शेवटच्या पेपराच्या आदल्या दिवशी पेटीत दोनच उरल्या. मी अण्णांना स्टेशनच्या वाटेवर गाठलं आणि जमिनीकडे बघत सगळं सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. गाडी आली तशी चढले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या भूगोलाच्या पुस्तकाखाली एक नवी बाटली होती. आम्ही दोघांनी त्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही.

एप्रिल लागला. सव्वा महिना झाला, ताईला एकही फिट नाही. महाराजांनी तिला मंचावर बोलावलं.

"किती दिवस झाले, बेटा?"

"चाळीस," ताई म्हणाली.  हिरवं लुगडं, केसांत मोगरा. मी तिला इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती.

"औषध?"

"नाही."

टाळ्यांनी मांडव हलला. आई रडत होती. त्याच सभेत ठाण्याची एक बाई बसली होती. तिनं चार दिवसांत निरोप धाडला: मुलगा नकाशे काढायच्या नोकरीत आहे, मुलगी पसंत आहे, वैशाखात येऊन बोलणी करू.

आणि आमच्या शेजारच्या खोलीतल्या पेठेवहिनी तर सभेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात आल्या.

पेठेवहिनींना क्षय होता. तिशीच्याही नव्हत्या. दोन मुलं पेणला आजोळी ठेवलेली, कारण डॉक्टरांनी जवळ ठेवू नका म्हणून बजावलं होतं. क्षयावरची इंजेक्शनं तेव्हा नवीनच निघाली होती. एक दिवसाआड कल्याणला जाऊन घ्यावी लागत. यजमान रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, ते कधी सोबत असत, कधी नसत. मग वहिनी एकट्याच जायच्या. टोचून टोचून जागा गाठाळली होती, नीट बसता यायचं नाही.

"मी पण ठेवून आले बाटली," त्या म्हणाल्या. चेहरा उजळलेला. "कागदसुद्धा ठेवला डॉक्टरांचा. इंजेक्शन बंद. सुधा बरी होते तर मी का नाही? मुलांना मे महिन्यात आणते बघ."

आईनं त्यांची ओटी भरली. मी चुलीशी बसले होते. पोळी करपली.

त्या दुपारी आईनं मला मांडवात हार पोचवायला पाठवलं. भर बाराची वेळ, चिटपाखरू नव्हतं. मी मागच्या बाजूनं गेले. पिंपळाखाली महाराज मांडी घालून बसले होते. डोळ्यांना जाड चष्मा. सभेत मी तो कधी पाहिला नव्हता. एकेक बाटली उचलून ते तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचत होते. दवाखान्याच्या बाटलीवर तेव्हा कंपाउंडर रोग्याचं नाव लिहायचा, औषध कशावरचं आणि दिवसाला किती वेळा तेही लिहायचा. आत्ता त्यांच्या हातात पेठेवहिनींची बाटली होती आणि मांडीवर डॉक्टरांचा कागद.

जोशीबुवांच्या पोटातली आग मला एका क्षणात समजली.

त्यांनी वर पाहिलं. दचकले नाहीत. चष्मा काढून पंचाला पुसला.

"तुझ्या ताईच्या बाटलीत खडू होता, बेटा," ते म्हणाले.

माझ्या हातातला हार तसाच राहिला. मी म्हणाले, "तुम्ही लोकांना फसवता."

"आणि तू?"

वाऱ्यानं पिंपळ सळसळला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडी मायाच होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "आजारी माणसाला कुणी नावानं हाक मारत नाही," ते म्हणाले. "घरचे पण 'तिचं औषध', 'त्याचं पथ्य' असंच बोलतात. मी भर सभेत नाव घेतो. चार दिवस त्याला बरं वाटतं. ते विरेपर्यंत मी पुढच्या गावाला. तू मात्र गोळी चुकवू नकोस. तुझ्या ताईचं भलं, माझंही भलं. जा."

मी हार तिथेच टाकून निघाले. संध्याकाळी सभेत त्यांनी हाक मारली, "पेठेवहिनी, छाती हलकी वाटते ना?" आणि वहिनी हुंदके देत उठल्या.

आता जे सांगते ते मी आजवर ताईखेरीज कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर पंधरा दिवस मी गप्प राहिले. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प राहिले. ठाण्याच्या पाहुण्यांची तारीख ठरली होती. आई पापड लाटताना गुणगुणत होती. ताई आरशासमोर थांबू लागली होती. मी एक वाक्य बोलले की हे सगळं कोसळणार. भिंतीपलीकडून वहिनींचा खोकला यायचा आणि मी उठून बांधावर जायची. परीक्षा संपलेली, पाठ करायला काही उरलं नव्हतं, तरी चालायची. करवंदांच्या जाळीपर्यंत जायची आणि परत यायची. एकदा वहिनी मला विहिरीवर म्हणाल्या, "शालू, तुमच्याकडचा अंगारा कडू लागतो म्हणे. आमचा नुसता राखेसारखा लागतो गं. माझीच श्रद्धा कमी पडत असेल का?"

मी म्हणाले, "मला नाही माहीत, वहिनी."

सोळाव्या दिवशी सकाळी वहिनी विहिरीवर कळशी ओढता ओढता वाकल्या, आणि धुण्याच्या दगडावर रक्त पडलं. पुष्कळ. कळशी दोरासकट आत गेली.

मी ताईला घरामागे ओढत नेलं आणि सगळं सांगितलं: कंपासपेटी, खडू, अण्णा, चष्मा, चिठ्ठ्या.  ताईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन वर्षं ती गोळी जिभेवर ठेवलीय, शालू. मला चव ओळखू येत नव्हती होय?"

"मग बोलली का नाहीस?"

तिनं भिंतीला हात टेकला. "मला एकदा बरी व्हायचं होतं. सगळ्यांसमोर. खोटी का होईना."

मग तिनं तोंड धुतलं, माझ्याकडून बाटली मागून घेतली आणि सरळ वहिनींच्या खोलीत गेली. मी दारात उभी. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ पांढरे. ताईनं गोळ्या तळहातावर ओतून त्यांच्यासमोर धरल्या. "वहिनी, मी बरी झालेली नाही. मी रोज ही घेते. आजही घेणार आहे. चला, कल्याणला जाऊ."

वहिनींनी त्या गोळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी ताईच्या हाताला असा फटका मारला की गोळ्या खोलीभर उडाल्या. "आणि माझी मुलं?" त्या किंचाळल्या. "मे महिन्यात आणणार म्हणून कळवलंय मी!"

त्यांना कल्याणला नेलं ते ताईनंच. तिथून पुढे मिरजेला आरोग्यधामात पाठवलं. दीड वर्षानं परत आल्या, एका बाजूची छाती बसलेली, पण आल्या. मुलं आईला ओळखेनात, पंधरा दिवस लाजत होती. वहिनी नंतर पुष्कळ जगल्या. ताईशी बोलायच्या, माझ्याशी नाही. ताईनं माझं नाव सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं असावं. विहिरीवरचं माझं "मला नाही माहीत" त्या विसरल्या नसतील. मीही विसरलेले नाही. मार्चमध्ये पाय जे घरात ठरत नाहीत ते परीक्षेमुळे नव्हे. हे सुनेला ठाऊक नाही.

महाराज त्याच आठवड्यात गेले. कुणी हाकललं नाही, कुणी जाब विचारला नाही. आम्ही चौघींना-पाचजणींना सांगितलं. कुणी म्हणालं पेठेबाईंचंच काही चुकलं असेल. कुणी म्हणालं तुमची मुलगी मंचावर खोटं बोलली, महाराज नाहीत. ते खरंच होतं. एका सकाळी बैलगाडी ठाण्याच्या दिशेनं गेली, मांडव सुटला. पिंपळाखालच्या बाटल्या मात्र तशाच राहिल्या. पावसाळ्यात त्यांत पाणी साठून डास झाले.

ताई पुढे ठाण्याला ट्रेनिंग कॉलेजात गेली, तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. लग्न केलं नाही. वर्गात चार वेळा फिट आली. तिनं पहिल्याच दिवशी पोरांना सांगून ठेवलेलं असायचं की घाबरायचं नाही, बाक बाजूला सारायचे, मला कुशीवर वळवायचं आणि पाढे म्हणत बसायचं, बाई उठतील. पोरं खरंच पाढे म्हणत बसायची. हे ती हसत सांगायची.

पण माझ्या डोक्यात घोळत राहते ती आई.

वहिनींना नेलं त्या संध्याकाळी ताईनं आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, आई मारेल. ती नुसती बसून राहिली. अण्णा घरी आले तेव्हा तिनं विचारलं, "तुम्हालाही माहीत होतं?" त्यांनी मान हलवली. मग ती आमच्या तिघांकडे पाळीपाळीनं बघत म्हणाली, "म्हणजे तुम्ही तिघांनी मिळून मला एकटीला वेडी ठरवलंत. मी रोज देवापुढे दिवा लावून रडायची की माझ्या सुधाला बरं केलंस, आणि तुम्ही बघत होतात."

 तिच्या भल्यासाठी म्हणून तिला खोट्यात ठेवलं होतं, आणि तो पिंपळाखालचा माणूस दुसरं काय करत होता? मुक्ताच्या सिनेमात मूर्ख माणसं एका बाजूला होती, लबाड दुसऱ्या. आमच्या घरात अशी रेघ मला आजतागायत ओढता आलेली नाही.

सहा दिवस आई आमच्याशी बोलली नाही. त्यातल्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तिनं माझ्यापुढे नुसता हात पसरला. मी वेचून भरलेली गोळ्यांची बाटली दिली. त्या दिवसापासून गोळी तिनं स्वतःच्या हातानं ताईला दिली, साध्या पाण्याबरोबर.

सातव्या दिवशी रविवार, आणि ठाण्याचे पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, एक काका. आईनं सगळी तयारी केली होती. शिरा केला, वर काजू लावले. मी दाराआड उभी. मला खात्री होती, आई काही बोलणार नाही. दोन मोडलेली स्थळं तिनं पाहिली होती. अण्णाही खाली बघत होते.

मुलाची आई म्हणाली, "महाराजांच्या कृपेनं मुलगी खणखणीत झाली. आम्ही डोळ्यांनी पाहिलं."

आईनं हातातली बशी खाली ठेवली. "सुधाला फिट येते," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. "अजूनही येईल. रोज गोळी घेते, त्यानं आटोक्यात राहते. घरकामाला, शिक्षणाला कशाला कमी नाही. पण बरी झालेली नाही. तुम्हाला फसवून देणार नाही मी."

काकांनी टोपी उचलली. मुलगा क्षणभर ताईकडे पाहत राहिला, काहीतरी बोलेल असं वाटलं. मग त्याची आई उठली तसा तोही उठला.

दार लागलं. ताई भिंतीशी उभी होती, अण्णा खुर्चीत, मी उंबऱ्यावर. आईनं पदर खोचला आणि ती आमच्याशी बोलली. सहा दिवसांनी, पहिल्यांदा.

"यापुढं या घरात कुणाला काही कळलं, तर ते चौघांना कळेल."

 मग तिनं पाहुण्यांनी न शिवलेल्या शिऱ्याच्या बश्या एकेक करून आमच्या हातात दिल्या, चौथी स्वतः घेतली आणि आमच्यामध्ये येऊन बसली.